साधित शब्दांचे अक्षरविभाजन

'''साधित शब्दांचे अक्षरविभाजन''' म्हणजे मूळ शब्दाला किंवा धातूला उपसर्ग, प्रत्यय अथवा दुसरा शब्द जोडून तयार झालेल्या शब्दाचे उच्चारातील अक्षरांमध्ये होणारे विभाजन होय. शब्द ज्या घटकांनी बनतो त्या घटकांच्या सीमा आणि शब्द उच्चारताना पडणाऱ्या अक्षरांच्या सीमा नेहमी एकाच ठिकाणी येत नाहीत. ‘राखीव’ या शब्दाचे घटक ‘राख्’ आणि ‘ईव’ असे आहेत. उच्चार मात्र ‘रा-खीव्’ असा होतो, म्हणजे धातूचे शेवटचे व्यंजन प्रत्ययाच्या स्वराकडे जाते. मराठीत शब्दाच्या मध्ये व शेवटी होणाऱ्या अकारलोपामुळे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. फ्रेंच भाषेत अनुच्चारित अन्त्य व्यंजने आणि क्षीण ‘ए’ यांमुळे त्याच स्वरूपाची स्थिती निर्माण होते. शुद्धलेखन, वाचनशिक्षण, छंदोरचना, स्थाननामांचे लेखन आणि संगणकाद्वारे होणारे मजकुराचे वाचन या सर्वांशी या विषयाचा संबंध आहे.

या लेखात ‘+’ हे चिन्ह शब्दघटकांची सीमा दाखवते, तर ‘-’ हे चिन्ह अक्षरांची सीमा दाखवते. ज्या व्यंजनातील ‘अ’ उच्चारला जात नाही ते व्यंजन उच्चार दाखवताना पाय मोडून लिहिले आहे.

## संज्ञा

मराठीत ‘अक्षर’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. लेखनात ‘क’, ‘का’, ‘क्या’, ‘र्ली’ यांसारख्या एका लिपी-एककाला अक्षर म्हणतात. भाषाविज्ञानात एका स्वराभोवती उभ्या राहणाऱ्या उच्चाराच्या एककालाही अक्षर म्हटले जाते. गोंधळ टाळण्यासाठी येथे पहिल्याला ‘लेखनाक्षर’ आणि दुसऱ्याला ‘उच्चाराक्षर’ असे म्हटले आहे. ‘करणे’ या शब्दात लेखनाक्षरे तीन (क-र-णे), पण उच्चाराक्षरे दोनच आहेत (कर्-णे).

स्वरान्त उच्चाराक्षराला ‘विवृत’ आणि व्यंजनान्त उच्चाराक्षराला ‘संवृत’ म्हणता येते. ‘कर्-णे’ यात ‘कर्’ संवृत असून ‘णे’ विवृत आहे.

ज्या मूळ अंशाला प्रत्यय लागतो त्याला व्याकरणात ‘प्रकृती’ म्हणतात. क्रियापदाची प्रकृती म्हणजे धातू. आधुनिक भाषाविज्ञानात अर्थ असलेल्या लघुतम भाषिक घटकाला ‘रूपिका’ अशी संज्ञा आहे.

## मराठीतील साधित शब्द

मराठी व्याकरणात शब्दांचे सिद्ध आणि साधित असे दोन वर्ग केले जातात. भाषेत जसेच्या तसे असलेले शब्द सिद्ध होत. सिद्ध शब्दांवरून साधित शब्द तयार होतात. त्यांचे चार प्रकार मानले जातात :

* उपसर्गघटित : अन् + आदर → अनादर, दुर् + गुण → दुर्गुण
* प्रत्ययघटित : वाघ + ईण → वाघीण, समज + ऊत → समजूत
* अभ्यस्त : घरघर, वटवट
* सामासिक : वन + रक्षक → वनरक्षक, मोह + फूल → मोहफूल

धातूंना लागणाऱ्या प्रत्ययांना कृत् प्रत्यय व इतर शब्दांना लागणाऱ्या प्रत्ययांना तद्धित प्रत्यय म्हणतात. ‘राख्’ या एकाच धातूपासून बनलेल्या शब्दांचे विभाजन पाहिले असता प्रत्ययाच्या पहिल्या वर्णाचे महत्त्व लक्षात येते :

* राख् + णे → राखणे : राख्-णे
* राख् + णारा → राखणारा : राख्-णा-रा
* राख् + ईव → राखीव : रा-खीव्
* राख् + अण → राखण : रा-खण्
* राखण + दार → राखणदार : रा-खण्-दार्
* राखणदार + ई → राखणदारी : रा-खण्-दा-री

प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल तर प्रकृतीचे अन्त्य व्यंजन प्रकृतीच्याच उच्चाराक्षरात राहते (राख्-णे). प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर ते व्यंजन प्रत्ययाच्या स्वराला जाऊन मिळते (रा-खीव्). उपसर्गांच्या बाबतीतही हेच घडते. ‘दुर्’ या उपसर्गापुढे व्यंजन आले की ‘दुर्-गुण्’ असे विभाजन होते. स्वर आला की ‘दुर् + आचार’ याचे ‘दु-रा-चार्’ होते व उपसर्गाचा ‘र्’ पुढच्या अक्षरात जातो.

## अकारलोप आणि विभाजन

### सर्वसाधारण प्रवृत्ती

मराठी लेखनात व्यंजनाला दुसरे स्वरचिन्ह नसले तर त्यात ‘अ’ गृहीत धरला जातो. उच्चारात मात्र हा ‘अ’ अनेक ठिकाणी नाहीसा होतो. त्याच्या दोन मुख्य प्रवृत्ती अशा आहेत :

# शब्दाच्या शेवटी एकेरी व्यंजनातील ‘अ’ उच्चारला जात नाही : घर → घर्, गवत → ग-वत्. शेवटी जोडाक्षर असल्यास तो बहुधा टिकतो : चंद्र, राष्ट्र.
# शब्दाच्या मध्ये, ज्या ‘अ’च्या आधी स्वर व एकच व्यंजन आणि नंतर एकच व्यंजन व स्वर येतो, तो ‘अ’ सामान्यतः लोप पावतो : कर(अ)णे → कर्-णे.

दुसरी प्रवृत्ती शब्दाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे लावली असता योग्य उच्चार मिळतो. ‘बदलणे’ या शब्दात ‘द’ आणि ‘ल’ या दोन्ही ठिकाणी ‘अ’ आहे. शेवटाकडून प्रथम ‘ल’मधील ‘अ’ जातो. त्यामुळे ‘द’च्या पुढे ‘ल्ण’ अशी दोन व्यंजने येतात आणि ‘द’मधील ‘अ’ टिकतो : ब-दल्-णे.

### एकाच मूळ शब्दाची भिन्न विभाजने

या प्रवृत्तीमुळे मूळ शब्द तोच असूनही साधित रूपांत तो वेगवेगळ्या ठिकाणी तुटतो :

* बदल : ब-दल्, बदलणे : ब-दल्-णे, बदली : बद्-ली
* समज : स-मज्, समजणे : स-मज्-णे, समजूत : सम्-जूत्
* गवत : ग-वत्, गवताळ : गव्-ताळ्
* हरण : ह-रण्, हरणी : हर्-णी
* बैठक : बै-ठक्, बैठका : बैठ्-का
* चालणे : चाल्-णे, चालक : चा-लक्, चालवणे : चा-लव्-णे

‘बदली’ या शब्दात ‘बदल’ हा मूळ शब्द डोळ्यांना पूर्ण दिसतो, पण कानाला ‘ब-दल्’ अशी त्याची जोडणी ऐकू येत नाही. लेखन मूळ शब्दाची ओळख जपते आणि उच्चार अक्षरांची सोय पाहतो.

### घटकसीमेचा परिणाम

वरील नियम केवळ वर्णांच्या क्रमावर चालत असता, तर ‘शेतकरी’ या शब्दाचा उच्चार ‘शेतक्री’ असा झाला असता, कारण शेवटाकडून पाहिल्यास ‘क’मधील ‘अ’ लोपाच्या अटीत बसतो. प्रत्यक्षात उच्चार ‘शेत्-क-री’ असा आहे. ‘शेत + करी’ या दोन घटकांमधील सीमा येथे उच्चाराचे नियमन करते : पहिल्या घटकाच्या शेवटचा ‘अ’ जातो आणि दुसऱ्या घटकाच्या पहिल्या अक्षरातील ‘अ’ सुरक्षित राहतो. ‘गावकरी’ (गाव्-क-री) हा शब्दही असाच आहे.

सामासिक शब्दांत हा परिणाम ठळकपणे दिसतो :

* राम + नगर → रामनगर : राम्-न-गर् (‘रामन्-गर्’ नव्हे)
* वन + परिक्षेत्र → वनपरिक्षेत्र : आरंभी ‘वन्-प-रि-’ (‘वनप्-रि-’ नव्हे)

यावरून असे दिसते, की घटकसीमा अक्षरविभाजनाला प्रत्येक वेळी सारखीच बांधून ठेवत नाही. स्वरादी प्रत्ययापुढे ती पुसली जाते (रा-खीव्), तर समासात आणि समासासारख्या रचनेत ती टिकून राहते (शेत्-क-री). मराठी शब्दाचा उच्चार त्याच्या लेखनावरून ठरवायचा असेल तर तो शब्द कसा बनला आहे हे कळावे लागते.

## स्थाननामांतील उदाहरणे

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांतील स्थाननामांत या विषयाची अनेक उदाहरणे एकत्र सापडतात. या भागात मराठीबरोबर गोंडी व माडिया या द्राविडी कुळातील भाषा बोलल्या जातात आणि दक्षिणेकडे तेलुगूचा संपर्क आहे. त्यामुळे येथील गावांची नावे एकाच भाषेच्या प्रकृती-प्रत्ययांनी बनलेली नाहीत.

### मोहर्ली

मोहर्ली हे चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील गाव असून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे एक प्रमुख प्रवेशद्वार तेथे आहे. गावाचे नाव ‘मोहुर्ली’ असेही लिहिलेले आढळते.

आंब्याला मोहोर येणे या अर्थाचे ‘मोहरणे’ हे क्रियापद मराठीत आहे. त्याचे भूतकाळी स्त्रीलिंगी रूप ‘मोहरली’ असे लिहितात. दुसऱ्या प्रवृत्तीनुसार ‘र’मधील ‘अ’ लोप पावतो आणि उच्चार ‘मो-हर्-ली’ होतो. गावाच्या नावाचा उच्चारही ‘मो-हर्-ली’ असाच आहे. उच्चाराक्षरे सारखी असूनही लेखन दोन प्रकारचे आहे. क्रियापदात ‘मोहर + ली’ हे घटक ओळखू यावेत म्हणून ‘र’ पूर्ण लिहिला जातो. नावात असा घटक दाखवण्याची गरज नसल्याने उच्चारातला संयोग ‘र्ली’ या जोडाक्षराने दाखवला जातो. हे साम्य उच्चारापुरते आहे. गावाचे नाव या क्रियापदावरून पडले असा त्याचा अर्थ होत नाही.

### इतर नावे

‘र्’ने संवृत होणारे उच्चाराक्षर या परिसरातील अनेक नावांत आहे, मात्र त्याच्या लेखनाच्या दोन पद्धती रूढ आहेत :

* जोडाक्षराने : चामोर्शी (चा-मोर्-शी), पोंभुर्णा (पोम्-भुर्-णा), मोहर्ली (मो-हर्-ली)
* पूर्ण ‘र’ लिहून : आरमोरी (आर्-मो-री), कुरखेडा (कुर्-खे-डा), बल्लारपूर (बल्-लार्-पूर्)

‘कुरखेडा’ व ‘बल्लारपूर’ यांत ‘खेडा’ आणि ‘पूर’ हे उत्तरपद स्पष्ट असल्यामुळे पूर्वपदातील ‘र’ पूर्ण लिहिला जातो. ‘आरमोरी’त तसे परिचित उत्तरपद नसतानाही तीच पद्धत रूढ झाली आहे. स्थाननामांचे लेखन अशा प्रकारे अंशतः घटकांच्या जाणिवेवर आणि अंशतः रूढीवर अवलंबून असते.

इतर काही नावांचे विभाजन असे :

* गडचिरोली : गड्-चि-रो-ली
* चंद्रपूर : चन्-द्र-पूर् (‘द्र’ हे जोडाक्षर असल्याने त्यातील ‘अ’ टिकतो)
* भामरागड : भाम्-रा-गड्
* नागभीड : नाग्-भीड्
* मुलचेरा : मुल्-चे-रा
* सावली : साव्-ली
* एटापल्ली : ए-टा-पल्-ली (‘पल्ली’ हा तेलुगूत गाव या अर्थाचा शब्द आहे)

## रफार आणि ‘ऱ’

देवनागरी लेखनात व्यंजनापूर्वीचा ‘र्’ पुढील अक्षराच्या डोक्यावर रफाराच्या रूपाने येतो. त्यामुळे ‘मोहर्ली’ची लेखनाक्षरे ‘मो-ह-र्ली’ अशी होतात, तर उच्चाराक्षरे ‘मो-हर्-ली’ अशी आहेत. ज्या अक्षराच्या डोक्यावर रफार दिसतो त्या अक्षरात तो उच्चारला जात नाही. तो आधीचे उच्चाराक्षर संवृत करतो. अनुस्वाराची दिशा उलट आहे : तो ज्या अक्षरावर दिसतो त्याच उच्चाराक्षराला संवृत करतो (चं-द्र, सिं-दे-वा-ही).

मराठीत ‘र्’ पुढच्या अक्षरातच उच्चारायचा असेल तर त्यासाठी ‘ऱ’ हे वेगळे चिन्ह आहे. ‘य’ व ‘ह’ यांपूर्वी त्याचा उपयोग होतो. त्यामुळे पुढील जोड्यांत केवळ अक्षरविभाजनाने अर्थ बदलतो आणि लेखन तो बदल अचूक दाखवते :

* दर्या (समुद्र) : दर्-या, दऱ्या (‘दरी’चे अनेकवचन) : द-ऱ्या
* आचार्यास (‘आचार्य’ या शब्दाचे रूप) : आ-चार्-यास्, आचाऱ्यास (‘आचारी’ या शब्दाचे रूप) : आ-चा-ऱ्यास्

या भेदाचे मूळ शब्दसिद्धीत आहे. ‘आचार्य’ या शब्दात ‘र्य’ हा संयोग मुळातच आहे. ‘आचारी’ या शब्दात ‘र’ला ‘ई’ जोडलेली असून सामान्यरूप होताना त्या ‘ई’च्या जागी ‘या’ येतो आणि ‘र्’ त्याच्याबरोबर एका अक्षरात राहतो. ‘शेतकरी → शेतकऱ्याने’, ‘शिकारी → शिकाऱ्याने’ ही रूपे याच प्रकारची आहेत. ‘वऱ्हाड’ (व-ऱ्हाड्), ‘कुऱ्हाड’ (कु-ऱ्हाड्) यांतही ‘ऱ’ पुढच्या अक्षरात उच्चारला जातो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला ‘र’पेक्षा स्वतंत्र संकेत दिलेला आहे.

## ह्रस्व-दीर्घ लेखनाशी संबंध

मराठी साहित्य महामंडळाने पुरस्कृत केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. त्यांतील इकार-उकारांविषयीचे काही नियम अक्षरविभाजनाच्या आधारे सहज समजतात.

अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार मराठी शब्दांत दीर्घ लिहितात : गरीब, वाघीण, समजूत. अन्त्य ‘अ’ उच्चारला जात नसल्याने हे इकार-उकार प्रत्यक्षात शेवटच्या संवृत उच्चाराक्षरात असतात : ग-रीब्, वा-घीण्, सम्-जूत्. स्वरादी प्रत्यय किंवा सामान्यरूप आले की अन्त्य व्यंजन पुढे जाते, ते उच्चाराक्षर विवृत होते आणि इकार-उकार ह्रस्व होतो : ग-रि-बी, वा-घि-णी-ला, सम्-जु-ती-ने. याउलट ‘समजूतदार’ (सम्-जूत्-दार्) या रूपात ‘जूत्’ संवृतच राहते आणि दीर्घत्वही राहते.

हा संबंध उपयुक्त असला तरी सरसकट नाही. ‘फूल’पासून बनलेल्या ‘फुलदाणी’ (फुल्-दा-णी) या शब्दात उच्चाराक्षर संवृत असूनही उकार ह्रस्व लिहितात. तत्सम शब्दांना हा नियम लागू नाही : परीक्षा → परीक्षेला.

## फ्रेंच भाषेतील स्थिती

लॅटिनपासून विकसित झालेल्या फ्रेंच भाषेत अनेक शब्दांचे अन्त्य व्यंजन लिहिले जाते, पण उच्चारले जात नाही. स्वरादी प्रत्यय लागला की तेच व्यंजन पुन्हा ऐकू येते आणि प्रत्ययाच्या अक्षरात जाते. पुढील उदाहरणांतील देवनागरी उच्चार स्थूलमानाने दिले असून चंद्रबिंदू अनुनासिक स्वर दाखवतो.

* दाँ (दात) → दाँ-तिस्त (दंतवैद्य), दाँ-तेर (दातांविषयीचा). मूळ शब्दाच्या लेखनात शेवटी ‘त’ असतो. तो फक्त साधित शब्दांत उच्चारला जातो.
* ले (दूध) → ले-त्ये (दूधवाला), लेत्-री (दुग्धालय)
* फँ (सूक्ष्म, नाजूक) → फि-नेस (नाजूकपणा). मूळ शब्दात ‘न’ स्वराला अनुनासिक करतो. साधित शब्दात तो पुढच्या अक्षराचे व्यंजन होतो आणि आधीचा स्वर शुद्ध होतो.
* फो-रे (वन) → फो-रेस्-त्ये (वनविषयक). मूळ शब्दातून लुप्त झालेला ‘स’ साधित शब्दात टिकून आहे.
* तिग्र (वाघ) → ति-ग्रेस (वाघीण)

शेवटचे उदाहरण ‘वाघ → वा-घीण्’ या मराठी रूपाशी थेट जुळते. दोन्ही भाषांत मूळ शब्दाची अन्त्य व्यंजनध्वनी स्त्रीलिंगी प्रत्ययाच्या अक्षरात जाते. ‘ग्र’ हे दोन्ही वर्ण एकत्रच पुढे जातात, कारण स्पर्श व्यंजन आणि त्यापुढील ‘र’ किंवा ‘ल’ यांची जोडी फ्रेंचमध्ये सहसा तोडली जात नाही. इतर दोन व्यंजने एकत्र आली तर त्यांच्यामधून विभाजन होते (फो-रेस्-त्ये).

### नकारार्थी उपसर्ग

संस्कृत व मराठीतील ‘अन्/अ’ आणि फ्रेंचमधील ‘इन्/अँ’ हे नकारार्थी उपसर्ग एकाच भारोपीय मूळापासून आलेले आहेत. दोन्हींचे रूप पुढच्या वर्णावर ठरते :

* स्वरापूर्वी : अन् + आदर → अ-ना-दर्, फ्रेंच इन् + उपयुक्त या अर्थाचा ‘युतिल’ → इ-न्यु-तिल (निरुपयोगी)
* व्यंजनापूर्वी : अ + न्याय → अन्याय, फ्रेंच अँ + न्याय्य या अर्थाचा ‘झ्युस्त’ → अँ-झ्युस्त (अन्याय्य)

मराठीतील ‘दात’, संस्कृत ‘दन्त’ आणि फ्रेंच ‘दाँ’ हे शब्दही एकाच प्राचीन मूळाचे आहेत. ‘दात → दा-ते-री’ आणि ‘दाँ → दाँ-तिस्त’ या साधित शब्दांत त्या मूळातील ‘त’ पुढच्या अक्षराच्या आरंभी येतो.

### क्षीण ‘ए’

फ्रेंचमधील क्षीण ‘ए’ हा मराठीतील लोप पावणाऱ्या ‘अ’शी तुलनीय आहे. तो लिहिला जातो, पण बोलताना अनेकदा गळतो. पाव-भट्टी या अर्थाचा शब्द लेखनात ‘बू-लाँ-झ-री’ असा चार अक्षरांचा असून बोलण्यात ‘बू-लाँझ्-री’ असा तीन अक्षरांचा होतो. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याच्या फ्रेंच मुद्रणपद्धतीत सामान्यतः उच्चाराक्षरांनुसार विभाजन करतात. काही शब्दांत घटकांनुसार केलेले विभाजनही मान्य आहे.

## फ्रेंचमूलक शब्द मराठीत

फ्रेंच मूळाचे अनेक शब्द इंग्रजीमार्गे मराठीत आले आहेत. ‘हॉटेल’, ‘हॉस्टेल’ आणि ‘हॉस्पिटल’ हे तिन्ही शब्द पाहुणचाराशी संबंधित एकाच लॅटिन शब्दापासून निघालेले आहेत. ‘हॉस्-टेल्’ व ‘हॉस्-पि-टल्’ यांत मूळचा ‘स्’ टिकून पहिले अक्षर संवृत राहिले. फ्रेंचमध्ये ‘स्’ लुप्त झाल्याने ‘हॉ-टेल्’मधील पहिले अक्षर विवृत झाले.

मराठीत आल्यावर अशा शब्दांना मराठी प्रत्यय लागतात व त्यांचे विभाजन मराठीच्या प्रवृत्तीनुसार होते :

* टूर → टूरिस्ट : टू-रिस्ट्, टूरिस्टांना : टू-रिस्-टां-ना
* रिसॉर्ट : रि-सॉर्ट्, रिसॉर्टात : रि-सॉर्-टात्
* गॅरेज : गॅ-रेज्; गॅरेजवाला : गॅ-रेज्-वा-ला; गॅरेजात : गॅ-रे-जात्

‘वाला’ हा व्यंजनादी प्रत्यय मूळ शब्द अभंग ठेवतो. सप्तमीचा ‘आत’ त्याचे अन्त्य व्यंजन ओढून घेतो. हा भेद ‘राखणे’ व ‘राखीव’ यांतील भेदासारखाच आहे.

## छंदोरचनेतील विभाजन

मराठी छंदोरचनेत उच्चाराक्षरे न मोजता लेखनाक्षरे मोजली जातात. बोलताना लोप पावणारा ‘अ’ पद्यात पूर्ण धरला जातो. ‘राखणदार’ हा शब्द बोलण्यात तीन अक्षरांचा (रा-खण्-दार्), पण अक्षरगणनेत पाच अक्षरांचा (रा-ख-ण-दा-र) आहे. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असलेल्या अभंगातही अशीच गणना होते.

जोडाक्षराचा आघात झाल्यास आधीचे ह्रस्व अक्षर गुरु मानले जाते. त्यामुळे ‘मोहरली’ आणि ‘मोहर्ली’ यांचा छंदातील हिशेब असा होतो :

* मोहरली : गुरु-लघु-लघु-गुरु, चार अक्षरे, सहा मात्रा
* मोहर्ली : गुरु-गुरु-गुरु (म गण), तीन अक्षरे, सहा मात्रा

अक्षरसंख्या आणि गण बदलले तरी मात्रा समान राहतात. अक्षरगणवृत्तात या दोन रूपांची अदलाबदल करता येत नाही. मात्रावृत्तात दोघांचे वजन सारखे ठरते. ‘दऱ्या’सारख्या शब्दात ‘द’वर आघात होत नसल्याने तो लघुच राहतो.

फ्रेंचमध्येही पारंपरिक पद्यात बोलण्यात गळणारा ‘ए’ व्यंजनापूर्वी आल्यास मोजला जातो. ओळीच्या शेवटी आणि स्वरापूर्वी तो मोजत नाहीत. बारा अक्षरांच्या ‘अलेक्झांद्रँ’ या वृत्तात हा नियम पाळला जातो. दोन्ही भाषांच्या पद्यपरंपरेत अशा रीतीने बोलीतून निसटलेले स्वर जपले गेले आहेत.

## व्यावहारिक महत्त्व

'''वाचनशिक्षण :''' मराठी मातृभाषा असलेले मूल ‘समजूत’ हा शब्द वाचायला शिकण्यापूर्वीच ‘सम्-जूत्’ असा ऐकत व बोलत असते. गोंडी किंवा माडिया बोलणारे मूल शाळेत प्रथम लिखित रूपाला सामोरे जात असेल, तर अकारलोपाचा अलिखित नियम त्याला आपोआप मिळत नाही. ते ‘स-म-जू-त’ असे प्रत्येक अक्षर सुटे उच्चारते. अशा वेळी मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे (समज, समजणे, समजूत) शेजारीशेजारी मोठ्याने वाचून दाखवल्यास विभाजनातील बदल स्पष्ट होतो.

'''मजकुराचे ध्वनिरूपांतर :''' दृष्टिहीन वाचक ज्या संगणकीय वाचकांचा आधार घेतात, त्यांना प्रत्येक ‘अ’ उच्चारायचा की गाळायचा हे ठरवावे लागते. केवळ वर्णक्रमावर आधारलेला नियम ‘शेतकरी’, ‘रामनगर’ आणि ‘वनपरिक्षेत्र’ या शब्दांत चुकतो. अचूक उच्चारासाठी शब्दातील घटक ओळखणारी व्यवस्था किंवा उच्चारकोश लागतो.

'''स्थाननामांचे लेखन :''' एकाच नावाची ‘मोहर्ली’ आणि ‘मोहरली’ अशी दोन लेखने उच्चाराला सारखीच असली, तरी शब्दकोशाच्या अनुक्रमात, नोंदवह्यांत आणि संगणकीय शोधात ती दोन वेगळी नावे ठरतात. म्हणून स्थाननामांसाठी एक प्रमाणरूप निश्चित करून तेच सर्वत्र वापरणे आवश्यक असते.

'''मुद्रण :''' ओळीच्या शेवटी मराठी शब्द तोडताना जोडाक्षर मधून तोडता येत नाही. लेखनाक्षरांनुसार ‘मोह-र्ली’ असे तोडल्यास पहिल्या ओळीवरील तुकड्याचा उच्चार वाचकाला दुसरी ओळ पाहिल्याशिवाय कळत नाही. साधित शब्द घटकसीमेवर तोडणे (‘राखण-दार’, ‘वन-परिक्षेत्र’) वाचनाला सोयीचे असते.

## अभ्यास

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात शब्दसिद्धीची विस्तृत चर्चा आहे. माधवराव पटवर्धन तथा माधव जूलियन यांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ मराठी छंदःशास्त्रातील महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो. अशोक रामचंद्र केळकर यांनी १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या वर्णव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. हिंदीतील अकारलोपाचे विवेचन मंजरी ओहाला यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी वर्णव्यवस्थेवरील ग्रंथात केले आहे. शब्दाच्या शेवटाकडून नियम लावण्याची पद्धत हिंदीप्रमाणे मराठीलाही मोठ्या प्रमाणात लागू पडते.

## हेही पहा

* मराठी व्याकरण
* मराठी शुद्धलेखनाचे नियम
* समास
* वृत्त
* देवनागरी
* फ्रेंच भाषा
* गोंडी भाषा